पेरून झाल्यावर कसली पूर्वसूचना?

मोबाइलवर मेसेज रोजचे: 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.' अरे, ढेकूळ भिजेल का तेवढं सांगा की! आमचा सोलापूर जिल्हा रब्बीचा. मालदांडी ज्वारी पेरायची सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर. आणि खरिपाच्या दुष्काळाचा निकाल कधी? केंद्राच्या 2016च्या दुष्काळ संहितेप्रमाणे ऑक्टोबरअखेर. 2023ला 31 ऑक्टोबरला राज्यातले 40 तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आपले बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस, सांगोला. तोवर बी-खत मातीत गेलेलं, ट्रॅक्टरवाल्याचे पैसे देऊन झालेले. ही पूर्वसूचना म्हणायची का पंचनामा?

बरं, ठरवतात कसं? पावसाची तूट, मधला खंड, उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, भूजल. कागदावर झकास! पण उजनी धरणाच्या कालव्याकडेचा ऊस आणि ओढ्यातली वेडी बाभूळ दुष्काळातही हिरवीगारच की हो. तालुक्याच्या सरासरीत आमची कोरडवाहू रानं दिसणार कुठं?

पाऊस मोजायला महसूल मंडळाला एक केंद्र. मंडळात गावं ढीगभर. पाऊस काय मंडळाची हद्द बघून पडतो? केंद्रावर सर कोसळते, आमच्या शिवारात नुसता फुफाटा. विचारायला गेलं की साहेब खुर्चीतूनच स्क्रीन वळवून दाखवतो, "तुमच्याकडं पडलाय की पाऊस." पडलाय म्हणे! ये की रानात, घाल भेगेत हात. कोपरापर्यंत जातोय.

चिड याची येते की कळायचं ते आधीच कळलेलं असतं. 2023चा ऑगस्ट देशात 1901पासूनचा सगळ्यात कोरडा, हे हवामान खात्यानंच सांगितलं. उजनी पूर्ण भरली नव्हती, ते तर शेंबडं पोरही सांगत होतं. तेव्हाच कुणी ठामपणे सांगितलं असतं, की बाबांनो, अवघड आहे, तर एखादी म्हैस वेळेत विकली असती, कडबा आधीच घेऊन गंजी लावली असती. सगळ्यांनी एकदम दावणी मोकळ्या केल्या की व्यापारी मातीमोल भावानं मागतो आणि वर उपकार केल्यासारखं बघतो. कडब्याची पेंढी मात्र त्याच आठवड्यात चढते.

टंचाई आराखडा दरवर्षी होतो बरं का. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, तिन्ही टप्प्यांचे रकाने भरलेले. उन्हाळ्यात टँकर किती लागतील ते आधी मांडता येतं, मग वैरण कुठून आणायची ते सप्टेंबरात ठरवायला काय धाड भरते?