अनुभवी फ्रेशर कसे व्हावे

पदवी हातात पडली, आता नोकरी शोधू, अशा समजुतीत तुम्ही असाल तर आधी ती दुरुस्त करा. नोकरी शोधणं हीच तुमची नोकरी आहे आणि ती तुम्हाला कधीच लागली आहे. वेळ सकाळी नऊ ते रात्री बारा, रविवार धरून. पगार नाही, पण प्रवासभत्ता आहे; तो वडील देतात. मला या क्षेत्रात चौदा महिन्यांचा अनुभव आहे, म्हणून वडीलकीच्या नात्याने चार गोष्टी सांगतो. (हा अनुभव रेझ्युमेत धरत नाहीत. विचारून झालं.)

जाहिरात वाचायला शिका. वर ठळक अक्षरात ‘फ्रेशर्सना सुवर्णसंधी’ असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’. यात विसंगती दिसत असेल तर तुम्ही अजून कच्चे आहात. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे आपल्या आज्यांनी सांगूनच ठेवलंय. फरक इतकाच, की त्या काळी वेड्यालाही मुलगी बघायला नेत. निदान पोहे तरी मिळत.

रेझ्युमे चांगला करा असं सगळे सांगतात. करा. मोठ्या कंपन्यांत तो आधी सॉफ्टवेअर वाचतं. जाहिरातीतले शब्द तुमच्या कागदात सापडले तर तुम्ही पुढे, नाही तर तिथेच संपलात. माझा रेझ्युमे आजवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच माणूस मला भेटला. तो नागपुरात सीताबर्डीच्या एका गल्लीत झेरॉक्सचं दुकान चालवतो. मशीन गरम होईपर्यंत त्याला दुसरं काम नसतं.

“काऊन बे, हॉबीत ट्रॅव्हलिंग लिहून रायला. कुठं कुठं गेला?”

“रामटेक.”

“अजून?”

“रामटेकच. दोनदा.”

“मंग राहू दे. पण त्याच्या पुढचं ‘एक्स्टेन्सिव्ह’ काढ.”

इतका नेमका अभिप्राय मला कुठल्याही एचआरने दिलेला नाही. एका पानाचे दोन रुपये घेतो, पण ते झेरॉक्सचे. सल्ला फुकट.

शाखेचा फार विचार करू नका. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. त्या जोरावर मला आजवर विमा विकायला, गृहकर्ज विकायला आणि एकदा शाळेत पीटी घ्यायला बोलावणं आलं. पीटीची नोकरी अनुभवाअभावी गेली.

आता वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन रांगेत बसायची मुलाखत. नागपुरात वॉक-इन मे महिन्यातच ठेवतात, असा माझा अनुभव आहे. पारा पंचेचाळीसच्या आसपास, डांबराला चपला चिकटताहेत आणि तुम्ही फुल बाह्यांचा शर्ट, टाय, बूट आणि तोंडाला दुपट्टा अशा वेशात उभे. दुपट्टा आत जाताना सोडायचा, नाही तर वॉचमन आत सोडत नाही. ऊन लागू नये म्हणून आईने माझ्या पँटच्या खिशात कांदा ठेवला होता. वैदर्भीय आयांचा कांद्यावर जो विश्वास आहे, तो कुठल्याही कंपनीचा माझ्यावर नाही. टोकन नंबर ८७. खुर्च्या बारा. कूलर एक, त्याचं तोंड रिसेप्शनकडे. साडेतीन तासांनी आत बोलावलं. एचआर मॅडमनी विचारलं, “पाच वर्षांनंतर स्वतःला कुठे पाहता?” मी खरं तर ‘कूलरसमोर’ म्हणणार होतो. पण ‘आपल्याच कंपनीत, जबाबदारीच्या पदावर’ असं पाठ केलेलं म्हणालो, मार्कशीटची फाईल घ्यायला वाकलो आणि कांदा खिशातून निसटून थेट त्यांच्या खुर्चीखाली गेला.

मॅडमनी खाली पाहिलं. मी पाहिलं. कांद्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

“ठीक आहे, कळवतो,” त्या म्हणाल्या.

‘कळवतो’ या शब्दाकडे नीट लक्ष द्या, आपल्या धंद्यात तो फार महत्त्वाचा आहे. व्याकरणाच्या पुस्तकात तो वर्तमानकाळी सापडेल, ऐकणाऱ्याला भविष्यकाळी वाटेल, पण त्याचा अर्थ भूतकाळी असतो. माझे वडील निवृत्त कारकून. त्यांनी माझ्या अर्जांसाठी दोनशे पानी वही घातली आहे: तारीख, कंपनी, पद, शेरा. रकाने पट्टीने आखलेले. शेऱ्याच्या रकान्यात पहिले दोन महिने ते ‘कळवतो म्हणाले’ असं पूर्ण लिहीत. मग ‘कळवतो’. मग ‘क.’ हल्ली वरच्या ‘क’खाली नुसती दोन टिंबं देतात.

आपल्या गावातच काम मिळेल, विमानतळाजवळ मिहानचं उद्योगक्षेत्र आहे ना, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. ऐकून घ्या, वाद घालू नका. मिहानसाठी विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली २००२ साली, माझा जन्मही २००२ चा. आम्ही जोडीनेच वाढलो. दोघांबद्दलही नातेवाईक वीस वर्षं म्हणताहेत की मोठं होऊन नाव काढणार. खरं सांगायचं तर त्याचं माझ्यापेक्षा बरं चाललंय. तिथे मोठ्या आयटी कंपन्या आल्या, विमानदुरुस्तीचं केंद्र आलं. माझ्याकडे फक्त खापरीपर्यंतचं मेट्रोचं कार्ड आहे. मुलाखतीला जायचं तर खापरीला उतरून पुढे ऑटो करावा लागतो. भाडं आधी ठरवून घ्या. परतीचं आधीच ठरवा, येताना घासाघीस करण्याचा उत्साह राहत नाही.

नाही तर समृद्धी महामार्ग आहेच. हिंगण्याजवळ शिवमडक्याला सुरू होतो, ७०१ किलोमीटरवर मुंबईच्या बाजूला आमण्याला संपतो. तो दोन्ही दिशांनी वाहतो म्हणतात. माझ्या वर्गातल्या पोरांनी त्याची एकच दिशा पाहिलीय. उरलेले रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेले आणि एका खोलीत सहा जण राहून तिथून अर्ज करतात. पुण्याहून केलेल्या अर्जालाही उत्तर येत नाही, पण तिथे ते लवकर येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा आहे, फक्त फी भरा. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४, अर्ज आले दहा लाखांवर. फी खुल्या वर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. सगळ्यांचे नऊशे धरले तरी नव्वद कोटींच्या वर जातात. बेरोजगार हा घटक अर्थव्यवस्थेवर भार आहे असं पुन्हा कोणी म्हणालं तर हा गुणाकार त्याच्यासमोर ठेवा. आमच्या अभ्यासिकेत एक भाऊ आहेत, वयाच्या मर्यादेला त्यांची दोन वर्षं उरलीत. कुठली परीक्षा कधी पुढे ढकलली हे ते तोंडपाठ सांगतात. त्या विषयाचा पेपर असता तर भाऊ आज कलेक्टर असते.

शिवाय योजना आहेत. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: पदवीधराला महिना दहा हजार, मुदत सहा महिने. पुढे ती अकरा केली. बाराव्या महिन्यात काय, असा प्रश्न प्रशिक्षणार्थींनी मोर्चे काढून विचारला. केंद्राच्या इंटर्नशिप योजनेत २०२४ साली महिना पाच हजार होते आणि पूर्ण वर्ष होतं. म्हणजे तुम्ही शिकत राहायचं. शिकलेला माणूस कोणाला हवाय हा पुढचा प्रश्न.

आणि स्वतःला सरसकट बेरोजगार म्हणवून घेऊ नका, तुम्ही कदाचित नसालही. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात साप्ताहिक हिशेबाने आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. घरच्या दुकानात बिनपगारी मदत केली तरी चालतं. आमचं दुकान नाही, नाही तर मी देशाचा आकडा सुधारला असता. काका म्हणतात, “आमच्या गल्ल्यावर येऊन बस.” पण ते वेगळं कुटुंब, त्यांच्याकडे फुकट बसून मी सरकारच्या काही कामाचा नाही.

पैसे मागणाऱ्या कंपन्यांना नावं ठेवू नका. मालकाने पगार द्यायचा ही पद्धत जुनी झाली. आता रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, आयकार्ड आणि ‘रिफंडेबल’ डिपॉझिट तुम्ही द्यायचं, वर मूळ मार्कशीट जमा करून दोन वर्षांच्या बाँडवर सही करायची. माझा एक मित्र असे आठ हजार भरून रुजू झाला. तिसऱ्या सोमवारी गेला तर शटरला कुलूप आणि खाली ‘जागा भाड्याने देणे आहे’. त्या फलकावरच्या नंबरवर त्याने फोन केला. समोरच्याने विचारलं, “डिपॉझिट किती देता?”

लग्नकार्यात ‘सध्या काय करून रायला?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर देऊ नका, ताट घेऊन पुढे सरका.

एवढं सगळं मन लावून केलंत तर वर्षभरात तुमच्यात एक सफाई येते. परवा परसोडीच्या आयटी पार्कजवळ एका ठिकाणी वॉक-इन होतं. मी सवयीने आधी पाण्याचा फिल्टर कुठे आहे ते पाहिलं, कूलरच्या झोतातली खुर्ची धरली, वॉचमनला “काय भाऊ, आज गर्दी कमी?” असं विचारलं. दोघातिघांना टोकन कुठे मिळतं ते दाखवलं. एक नवा पोट्टा आला, ताजा पास झालेला, शर्टाच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग जवळ येऊन अदबीने वाकला.

“सर, आपण एचआरमध्ये का?”

मी नाही म्हणणार होतो. पण चौदा महिन्यांत मला कोणी सर म्हटलं नव्हतं. मी हात पुढे केला, त्याने रेझ्युमे दिला. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. हॉबीत ट्रॅव्हलिंग होतं.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “कळवतो.”

पोट्टा काय खुश झाला!