डोळ्यांखालचे फिलर : एका पसरलेल्या दाव्याचा प्रतिवाद

‘डोळ्यांखालची काळी वर्तुळे एका इंजेक्शनने अर्ध्या तासात जातात, आत घालतात तो पदार्थ आपल्या शरीरातलाच असतो, वर्षभरात तो आपोआप विरतो आणि परिणाम आवडला नाही तर लगेच विरघळवताही येतो, म्हणून यात धोका नाही.’ फिलर म्हणजे खोलगट भाग भरण्यासाठी त्वचेखाली टोचायचा पदार्थ, आणि त्याविषयी या आशयाचा मजकूर सध्या अनेकांच्या मोबाइलवर फिरत असतो. त्यातील प्रत्येक विधानात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो वाचणाऱ्याला खरा वाटतो.

पहिले विधान काळेपणाविषयी आहे आणि सर्वांत मोठी गल्लत तिथेच होते. डोळ्यांखाली काळे दिसण्याची कारणे मुख्यतः तीन असतात. कधी त्वचेतच रंगद्रव्य जास्त असते, कधी पातळ त्वचेखालच्या रक्तवाहिन्या निळसर-जांभळ्या दिसतात, तर कधी पापणी आणि गाल यांच्या मधल्या खोलगट भागाची सावली पडते. फिलर फक्त हा खोलगट भाग भरून काढते, त्यामुळे सावली कमी होते. रंगद्रव्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. आपल्याकडच्या सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत रंगद्रव्याचा वाटा बहुधा मोठा असतो. ॲलर्जीमुळे वर्षानुवर्षे डोळे चोळणाऱ्यांमध्ये तो आणखी वाढतो, आणि अशा व्यक्तीने हजारो रुपये खर्चून फिलर घेतले तरी रंग तसाच राहतो. आरशासमोर चेहऱ्यावर थेट समोरून उजेड घेतल्यावर काळेपणा बराच कमी झाला, तर तो बहुतांशी सावलीचा आहे असे समजावे. अर्थात अनेकांमध्ये ही कारणे एकत्र असतात आणि नेमके निदान तपासणीनेच होते. ज्यांच्या डोळ्यांखाली चरबीच्या पिशव्या पुढे आल्या आहेत, त्यांना तर फिलरने चेहरा अधिकच सुजल्यासारखा दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये व्होल्बेला या फिलरला डोळ्यांखालील वापरासाठी दिलेली मान्यताही २१ वर्षांवरील व्यक्तींमधील खोलगटपणा सुधारण्यासाठी आहे, काळेपणा घालवण्यासाठी नाही.

‘शरीरातलाच पदार्थ’ हे दुसरे विधान. बहुतेक फिलर ज्यापासून बनतात ते हायल्युरॉनिक आम्ल आपल्या त्वचेत आणि डोळ्यात असते हे खरे आहे. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते प्रथम वेगळे केले तेही गुरांच्या डोळ्यातील काचद्रवातूनच, म्हणजे डोळ्याच्या आतील जेलीसारख्या पारदर्शक पदार्थातूनच. मात्र त्वचेतील नैसर्गिक आम्ल एक-दोन दिवसांतच मोडते. ते महिनोन्‌महिने टिकावे म्हणून फिलरमध्ये त्याच्या साखळ्या रासायनिक दुव्यांनी एकमेकींना जोडून जेल तयार करतात. हे जेल पाणी धरून ठेवते, म्हणून काहींना खालच्या पापणीवर आणि गालाच्या वरच्या भागावर रेंगाळणारी सूज येते. खालच्या पापणीची त्वचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते. जेल तिच्या फार जवळ राहिले तर त्यातून प्रकाश विखुरतो आणि तिथे निळसर झाक दिसू लागते.

‘वर्षभरात विरतो’ याविषयी थोडक्यात सांगता येईल. इंजेक्शननंतर अनेक वर्षांनी केलेल्या एमआरआय तपासण्यांमध्ये चेहऱ्याच्या मध्यभागी फिलर शिल्लक असल्याचे दिसले आहे. म्हणूनच दरवर्षी ठरावीक वेळी पुन्हा भर घालण्याचा सल्ला मला घातक वाटतो, कारण आधीचे जेल किती उरले आहे हे न पाहताच नवे घातले जाते आणि त्यातून आलेल्या फुगीरपणालाही वयाचा परिणाम मानले जाते.

आता राहिला धोका. हायल्युरॉनिडेज या विकराने हे जेल विरघळवता येते, पण फक्त हायल्युरॉनिक आम्लाचेच. चरबी किंवा कॅल्शियमयुक्त फिलर त्याने विरघळत नाही. नाक आणि डोळा यांच्या मधल्या कोपऱ्यातील रोहिण्या डोळ्याच्या रोहिणीशी जोडलेल्या असतात. सुई चुकून अशा रोहिणीत शिरली आणि जेल दाबाने आत गेले, तर ते प्रवाहाच्या उलट ढकलले जाऊन डोळ्याच्या रोहिणीत पोहोचते आणि तेथून दृष्टिपटलाच्या रोहिणीत जाऊन अडकू शकते. रक्तपुरवठा तुटलेले दृष्टिपटल सुमारे दीड तासाच्या पुढे तग धरत नाही आणि गेलेली दृष्टी खात्रीने परत आणणारा उपचार आजही नाही. ‘डर्मॅटॉलॉजिक सर्जरी’ या नियतकालिकात २०१५ मध्ये अशा अंधत्वाच्या ९८ घटनांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळपास निम्म्या घटना रुग्णाच्या स्वतःच्या चरबीच्या इंजेक्शननंतरच्या होत्या. पदार्थ शरीरातला आहे म्हणून तो सुरक्षित, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की सर्वाधिक घटना भुवयांमधील भाग आणि नाक येथील होत्या आणि एकूण उपचारांच्या तुलनेत हा अपघात फार दुर्मीळ आहे.

तो दुर्मीळ असला तरी घडल्यास हाताळण्याची तयारी पाहिजे, आणि पार्लरमध्ये ती नसते. सुईविना दाबाने फिलर आत सोडणाऱ्या पेनांविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्येच इशारा दिला आहे. खोलगटपणा खरोखर असेल तर त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ यांच्याकडेच जावे, कोणते फिलर वापरणार हे लिहून घ्यावे आणि हायल्युरॉनिडेज दवाखान्यात त्या क्षणी उपलब्ध आहे का, हे आधी विचारावे. इंजेक्शनच्या वेळी किंवा नंतर तीव्र वेदना झाली, त्वचा पांढरी पडली किंवा नजर धूसर झाली, तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना सांगावे.