ताठा टिकवण्याचे घरगुती उपाय

शिमगा तोंडावर आलाय. पालखी घरोघर फिरायला निघायच्या आत आपला ताठा एकदा तपासून घ्या. वर्षभर विरार लोकलमध्ये परक्याच्या काखेत नाक खुपसून तो मऊ पडलेला असतो. गावी आल्यावर त्याला ऊन दाखवावं लागतं.

सुरुवात मानाच्या नारळापासून करा. तो तुमच्या पणजोबांकडे होता की थोरल्या घराकडे, याचा कागद कुणाजवळच नाही, आणि हे फार बरं आहे. कागद असता तर भांडण एका सकाळीत मिटलं असतं. विषय मात्र आधी काढू नका. सहाणेवर गाव जमू दे, ढोल तापू देत, पालखीला खांदा लागायची वेळ येऊ दे. मग म्हणायचं, "प्रश्न नारळाचा नाय, मानाचा आहे." देवी थांबेल. तिला घाई नाही, तिचा मान कुणी काढून घेतलेला नाही.

काही लोक याला स्वाभिमान म्हणत नाहीत. त्यांच्या नादी लागू नका. 1965 साली मॉरिस रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं स्वाभिमान मोजायला दहा विधानं तयार केली. त्यातलं एक साधारण असं, की मी मोलाचा माणूस आहे, निदान इतरांच्या बरोबरीचा तरी. बरोबरीचा! या माणसानं आपली भावकी पाहिलेली नव्हती. बरोबरीचंच व्हायचं तर मधल्या घरातल्या चुलत्याशी अबोला धरून काय मिळवलं?

हापूसचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे संधी मोठी आहे. कलम बांधायची विद्या पोर्तुगीजांनी आणली, नाव त्यांच्याच अफोंसो द अल्बुकर्कचं, चव जांभ्या जमिनीची आणि खाऱ्या वाऱ्याची. मोहोर जपला, माकडं हाकलली, झेल्यानं एकेक फळ उतरवलं ते गड्यांनी. 2018 मध्ये पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. यात तुमचा वाटा एकच, तुम्ही तो खाता. तरीही ऑफिसात कुणी केसर पुढे केला तर असं हसावं, की समोरच्याला आपल्या जन्मगावाची लाज वाटली पाहिजे.

आमच्या वाडीत एक बागायतदार आहे. पेटी देतानाच गिऱ्हाईकाला सांगतो, "यंदा उष्मा फार झाला, दोनचार फळांत साका निघेल. निघाला तर बदलून देईन." ना आवाज चढत, ना मान खाली जात. दुसऱ्याचा आंबा गोड लागला तर "गोड आहे" म्हणतो आणि आणखी एक फोड उचलतो. असल्या माणसापासून लांब राहा. चार दिवस त्याच्या खळ्यात बसलात, तर तुम्हीही "माझं चुकलं" म्हणून मोकळे व्हाल.

पोरांकडेही लक्ष हवं. 2015 साली नेदरलँड्समधल्या 565 मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आईबापांना आपलं लेकरू इतरांहून खास वाटायचं, त्या मुलांत पुढे आत्मप्रौढी वाढलेली दिसली. ज्यांना नुसती माया मिळाली, त्यांचा स्वाभिमान वाढला. तेव्हा माया जरा हात राखून करा. पोरगं गोट्यांत हरून आलं तर जवळ घेऊ नका; "आपल्या घराण्यात कुणी हरत नाही, गोट्याच वाकड्या असतील," एवढं सांगा. बाकीचं ते स्वतः शिकतं.

राहिला हद्दीवरचा दगडी गडगा. शेजाऱ्यानं तो वीतभर तुमच्या बाजूला सरकवलाय, अशी तुमच्या वडिलांची खात्री होती. त्या वीतभर जागेत अळूसुद्धा धड होत नाही, पण दावा चालू ठेवा. दोन कलमांचं उत्पन्न वकिलाकडे जातं, जाऊ दे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत माडपोफळी काड्यांसारख्या मोडल्या. तुम्ही मुंबईत अडकलेले, गावचा फोन लागेना. काही दिवसांनी रेंज आली आणि पहिला फोटो आला तो त्याच शेजाऱ्याचा. तुमच्या छपरावरची पोफळ त्यानं कोयत्यानं तोडून बाजूला केलेली, उडालेल्या कौलांच्या जागी ताडपत्री बांधलेली. खाली एवढंच, "घर उभं आहे. काळजी करू नको."

अशा वेळी भल्याभल्यांचा ताठा ढिला पडतो. डोळ्यांत पाणी येतं, बोट उत्तर लिहायला जातं. थांबा. फोटो आधी मोठा करून बघा. शिडी लावलीय ती गडग्याच्या कुठल्या बाजूला?