कॅमरी जरूर घ्या, पण अमेरिकन कामगारावर आळ घेऊ नका

पुण्या-नागपूरहून कोणी नवीन अमेरिकेत आलं, लायसन्स हातात पडलं, की आमच्या मराठी ग्रुपवर पहिला प्रश्न येतो: गाडी कोणती घेऊ? उत्तरं ठरलेली असतात. कॅमरी, कोरोला, अकॉर्ड, सीआरव्ही. कोणी शेव्हरोले किंवा फोर्डचं नाव काढलं, की लगेच दुसरं कोणी लिहितं, "अमेरिकन गाडी अजिबात नको. इथले कामगार मन लावून काम करत नाहीत, युनियनने सगळ्याची वाट लावली."

सल्ल्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या मागे जे कारण चिकटवलं जातं, ते वाचून मला दरवेळी राग येतो. मी मिशिगनमध्ये सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम करते. वॉरंटीत परत आलेला, तडा गेलेला, जळलेला, झिजलेला भाग टेबलावर घ्यायचा आणि हे का झालं ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. असा माग काढत गेलं की तो लाइनवर उभ्या असलेल्या माणसापाशी क्वचितच थांबतो. तो पुढे ड्रॉइंगपर्यंत जातो, भाव पाडून घेतलेल्या करारापर्यंत जातो, नाहीतर "लाँचची तारीख हलणार नाही" असं ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिथपर्यंत.

अमेरिकन गाडीचं नाव खराब झालं ते मुख्यतः सत्तरच्या दशकात. जनरल मोटर्सने (जीएम) 1970 मध्ये शेव्हरोले व्हेगा आणली. फोक्सवॅगन बीटल आणि जपानी छोट्या गाड्यांना उत्तर म्हणून. इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, सिलिंडरच्या आत लोखंडी लायनर म्हणजे अस्तर नाही, वर बिडाचं हेड म्हणजे झाकण. कागदावर हलकं आणि स्वस्त. रस्त्यावर मात्र इंजिन तापायचं, सिलिंडरची भिंत खराब व्हायची, गाडी तेल प्यायची. पुढचे मडगार्ड तर इतक्या लवकर गंजायचे की लोकांना नवी गाडी घेतल्याचा आनंद धड दोन हिवाळेही टिकत नसे. मिशिगन-ओहायोत रस्त्यावर मीठ टाकतात, हे डेट्रॉइटमध्ये बसलेल्या कंपनीला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

ही गाडी ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात बनायची. तिथे लाइनचा वेग ताशी 60 गाड्यांवरून 100 वर नेला. म्हणजे एका माणसाला एका गाडीसाठी जेमतेम 36 सेकंद. 1972 मध्ये तिथल्या तरुण कामगारांनी संप केला आणि वर्तमानपत्रांतून "आळशी पिढी" अशी त्यांची प्रतिमा झाली. पण बिनलायनरचा ब्लॉक त्यांनी निवडला नव्हता. गंज रोखायला किती खर्च करायचा हेही त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

फोर्ड पिंटोची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. पेट्रोलची टाकी मागच्या अॅक्सलच्या मागे, मागून धडक बसली की आगीचा धोका. 1978 मध्ये सुमारे 15 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यापेक्षा कमी बोललं जातं ते जीएमच्याच ओल्ड्समोबिलच्या 5.7 लिटर डिझेलबद्दल. 1978 मॉडेलपासून हे इंजिन आलं. पेट्रोल इंजिनाच्याच यंत्रसामग्रीवर ते बनावं म्हणून हेडच्या बोल्टची संख्या आणि मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली. डिझेलचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबण्याचं प्रमाण, पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. बोल्ट ताणले जायचे, तुटायचे, हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट जायचं. भरीला डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटरही नव्हता. या एका इंजिनाने अमेरिकन घरांमधून डिझेल कार जवळजवळ हद्दपार केली. 1982 मध्ये कनेटिकट राज्याने पहिला "लेमन लॉ" केला, म्हणजे वारंवार बिघडणारी नवी गाडी कंपनीने बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत असा कायदा. त्यामागे त्या काळातल्या ग्राहकांचा संताप होता.

आता फ्रीमाँटकडे येते, कारण माझं सगळं म्हणणं तिथे सिद्ध होतं.

कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा जीएम कारखाना म्हणजे कंपनीच्या दृष्टीने सगळ्यात बिघडलेली मंडळी. रोज पाचातला एक माणूस गैरहजर, कामावर दारू, अचानक संप, तक्रारींचा ढीग. 1982 मध्ये जीएमने तो बंद केला. 1984 मध्ये टोयोटा आणि जीएमने मिळून तोच कारखाना नूमी या नावाने पुन्हा सुरू केला, आणि घेतलेले बहुतेक कामगार तेच जुने, युनियनही तीच, वाहन कामगारांची यूएडब्ल्यू. त्यांच्यापैकी अनेकांना जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं. कामाचे डझनावारी ठरीव प्रकार होते ते मोडून मोजकेच ठेवले. युनियनने हे मान्य केलं, हेही आपल्या लोकांनी लक्षात घ्यावं.

सगळ्यात मोठा फरक एका दोरीचा होता. जुन्या जीएममध्ये काही झालं तरी लाइन थांबवायची नाही हा नियम. बोल्ट चुकला, दार नीट बसलं नाही, तरी गाडी पुढे जाऊ दे, शेवटी दुरुस्तीच्या आवारात बघू. नूमीत प्रत्येकाच्या डोक्यावर अँडनची दोरी होती. काही चुकतंय असं वाटलं की ओढायची. टीम लीडर धावत येणार, मदत करणार, वेळेत जमलं नाही तर लाइन थांबणार, आणि कोणी ओरडणार नाही. दोनेक वर्षांत या "बिघडलेल्या" माणसांच्या हातून निघणाऱ्या गाड्या दर्जात जपानमधल्या गाड्यांच्या बरोबरीला आल्या. गैरहजेरी नावापुरती उरली.

माणसं तीच, गाव तेच, छप्पर तेच. मग आळस कुठे गेला?

याहून वाईट वाटतं ते पुढचं. जीएमचे मॅनेजर वर्षानुवर्षं नूमी बघायला येत, शिकत, आणि परत आपल्या कारखान्यात जाऊन अडकत. दोरी लावता येते. पण दोरी ओढणाऱ्याला शिव्या घालणारा सुपरवायझर तसाच राहिला, मॅनेजरचा बोनस तयार गाड्यांच्या संख्येवरच ठरत राहिला, तर ती दोरी कोण ओढेल? या धड्याचा खरा फायदा जीएमच्या गाड्यांत दिसायला फार वर्षं गेली, आणि तोवर गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

गिऱ्हाईक कसं निघून जातं हेही नूमीनेच दाखवलं. तिथे एकाच लाइनवर टोयोटा कोरोला आणि जीएमची जीओ प्रिझम बनत. आतून गाडी तीच, बिल्ला वेगळा. तरी लोक कोरोलाला जास्त पैसे मोजायचे, आणि जुनी विकताना प्रिझमची किंमत जास्त घसरलेली असायची. ज्याच्या वडिलांची व्हेगा गंजली, ज्याच्या काकांचं ओल्ड्समोबिल डिझेल महामार्गावर बंद पडलं, त्याला कोणी कितीही समजावलं तरी तो बिल्ला बघूनच पुढे जाणार. मला यात त्या माणसाची चूक दिसत नाही. घरानंतरची सगळ्यात मोठी खरेदी असते ही. त्यात क्रायस्लरसारख्या कंपनीने भर घातली. 1987 मध्ये उघड झालं की तिथले अधिकारी मैल मोजणारं मीटर बंद ठेवून नव्या गाड्या वापरत होते, आणि त्या नव्या म्हणून विकल्या जात होत्या. कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांनी जाहीर माफी मागितली, पण विश्वासाला तडा गेला तो गेलाच.

माझ्या कामाशी जवळचा भाग म्हणजे व्हेंडरला, सुटे भाग पुरवणाऱ्याला, दिलेली वागणूक. भोसरी-चाकणमध्ये ज्यांनी गाडीचे भाग पुरवले आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. दरवर्षी भाव कमी करा, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला. 1992 मध्ये जीएमच्या खरेदीची सूत्रं इग्नासिओ लोपेझ यांच्याकडे आली आणि त्यांनी चालू करार उघडून पुन्हा बोली लावायला लावल्या. कंपनीचे अब्जावधी वाचले म्हणून त्यांचं कौतुक झालं, आणि वर्षभरातच ते फोक्सवॅगनला गेलेसुद्धा. पिळला गेलेला व्हेंडर काय करतो? चाचणीतला वेळ कापतो, आपला चांगला इंजिनिअर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाला लावतो, नवी कल्पना सुचली तर ती दुसरीकडे नेतो. टोयोटा-होंडाही भावासाठी कडक आहेत, पण भाव कमी करायचा तर तुमच्या शॉपफ्लोअरवर माणसं पाठवून मार्ग काढतात. गाडी आठव्या वर्षी कशी चालेल हे ठरवण्यात या फरकाचा वाटा फार मोठा आहे.

जीएमचा इग्निशन स्विच आठवला की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. किल्ली फिरवायला लागणारा जोर ठरलेल्या मापापेक्षा कमी, त्यामुळे धक्का लागला की चालत्या गाडीत किल्ली मागे सरकायची, इंजिन बंद, आणि अपघातात एअरबॅग उघडायचीच नाही. 2006 मध्ये तो भाग गुपचूप सुधारला गेला, पण पार्ट नंबर बदलला नाही. आमच्या धंद्यात हे अक्षम्य आहे. नंबर तोच राहिला की जुना भाग कोणता आणि नवा कोणता हे कोणालाच कळत नाही, तपास करणारे वर्षानुवर्षं अंधारात चाचपडतात. रिकॉल, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं, झाला 2014 मध्ये, सुमारे 26 लाख गाड्यांचा. कंपनीच्याच भरपाई निधीने 124 मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. तो भाग सुधारायला गाडीमागे एका डॉलरहून कमी खर्च येणार होता.

फोर्ड फोकस आणि फिएस्टाच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सचंही तेच. गाडी थरथरायची, सिग्नलवर पुढे सरकायला कचरायची. 2019 मध्ये डेट्रॉइट फ्री प्रेसने कंपनीच्या आतली कागदपत्रं छापली, त्यात इंजिनिअरांनी आधीच शंका मांडल्याचं दिसतं. म्हणजे दोरी ओढणारे तिथेही होते.

या लोकांना टिकाऊ गाडी बनवता येते, यात मला शंका नाही. कुर्ल्याला प्रीमियरमध्ये जोडलेल्या डॉज आणि डिसोटो, महिंद्राची विलिस जीप, या आपल्याच आजोबांच्या पिढीने वर्षानुवर्षं चालवल्या. इथे फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया पोलीस आणि टॅक्सीवाल्यांकडे झिजेपर्यंत धावली. जीएमच्या ब्युइकचं 3800 व्ही6 इंजिन आजही जुन्या गाड्यांत निमूट चालतंय, आणि ब्युइक जे. डी. पॉवर या ग्राहक-पाहणी करणाऱ्या कंपनीच्या टिकाऊपणाच्या पाहणीत अनेकदा वरच्या जागांवर असते.

आणि जपानी म्हणजे बिनधास्त, असंही आता राहिलेलं नाही. टोयोटाने 2024 मध्ये इंजिनात राहिलेल्या धातूच्या कणांमुळे टुंड्रा पिकअपसह सुमारे 1 लाख गाड्या परत बोलावल्या. तरी आकडे अमेरिकनांच्या बाजूने नाहीत, हे मी लपवणार नाही. 2025 मध्ये जीएमने 6.2 लिटर व्ही8 साठी अमेरिकेत जवळपास 6 लाख गाड्यांचा रिकॉल केला, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषामुळे. त्याच वर्षी फोर्डने 100 हून जास्त रिकॉल काढले. त्याआधीचा विक्रम जीएमचा होता, 2014 मधले 77. यातले काही रिकॉल नुसत्या सॉफ्टवेअरचे असतात, आणि लवकर रिकॉल काढणं हे लपवण्यापेक्षा कितीतरी बरं. पण 8 सिलिंडरची एसयूव्ही 70 हजार डॉलरला घेऊन महिनाभर शोरूमच्या आवारात इंजिनाची वाट बघत उभी ठेवणाऱ्या माणसाला हे सांगून काय उपयोग?

म्हणून ग्रुपवर विचारणाऱ्या मुला-मुलींना माझं सांगणं असं. देश बघू नका, नेमकं मॉडेल, वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स बघा. नव्या इंजिनाचं किंवा नव्या गिअरबॉक्सचं पहिलं वर्ष टाळा, कंपनी कोणतीही असो. जुनी गाडी घेत असाल तर एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉलचं काम झालंय का ते पैसे देण्याआधी तपासा, आणि तिथेच त्या मॉडेलवर मालकांनी नोंदवलेल्या तक्रारी वाचा. मॉडेल आणि वर्ष खाली लिहिलंत तर मला जे माहीत आहे ते मी नक्की सांगेन.