नॉर्मल कोण, हे ठरवायचं कुणी?

"तो जरा अबनॉर्मलच आहे," असं आपण किती सहज बोलून जातो! पण अबनॉर्मल नेमकं कशाला म्हणायचं, यावर मानसशास्त्राचंही आजवर एकमत झालेलं नाही.

जे दुर्मीळ ते अबनॉर्मल, असं धरलं तर ७० च्या खालचा बुद्ध्यांक जितका विरळा, साधारण तितकाच १३० च्या वरचा. एकाचं निदान होतं, दुसऱ्याचा सत्कार. आणि नैराश्य तर इतक्या लोकांना गाठतं, की त्याला दुर्मीळ म्हणवतच नाही.

समाजाच्या चौकटीत न बसणारा तो अबनॉर्मल, हा निकष मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच मानसिक आजार ठरवलं. 'ड्रॅपेटोमेनिया' असं नावही दिलं. समलैंगिकता अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांच्या यादीतून काढली ती १९७३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. तोवर उपचाराच्या नावाखाली कित्येकांनी विजेचे झटके सोसले. त्याची भरपाई कोण करणार?

मग त्रास हा निकष धरावा का? उन्मादाच्या झटक्यात सगळी पुंजी उधळणाऱ्याला त्या वेळी अगदी मजेत वाटत असतं. उलट, नवरा जाऊन आठ महिने झाले तरी रोज रात्री त्याचा मोबाइल चार्जिंगला लावणारी बाई आतून तुटलेली असते. तिचं दुःख इतकं तीव्र असेल की रोजचे व्यवहारच ठप्प झालेत, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार सहा महिन्यांनंतर तो विकार ठरू शकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदानाची नियमावली मात्र मोठ्या माणसांसाठी बारा महिने थांबते. बाई तीच, दुःखही तेच!

तरीही 'मानसिक आजार वगैरे सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, अजिबात नाही. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, ज्याच्या डोक्यात मरणाचे विचार घोळतात, त्याला वेळेवर उपचार मिळायलाच हवेत आणि त्यासाठी कुठेतरी रेषा आखावी लागते. फक्त ती आखताना या माणसाचं जगणं कशाने अडलंय, आजाराने की आपल्या वागण्याने, हे आधी तपासा. आणि निदान कोणत्या निकषांवर केलं, हे त्याला कळेल अशा भाषेत समोर बसवून सांगा. तेवढा त्याचा हक्क आहे.