चार लेगच्या स्लिंगवर निर्धास्त राहण्याची कला

अवजड यंत्र क्रेनने उचलायचे म्हटले की काही मंडळी लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसतात, यंत्राचे वजन विचारतात, गुरुत्वमध्य कुठे आहे ते शोधत यंत्राभोवती फेऱ्या मारतात आणि सगळ्यांचा अर्धा तास खातात. आपण तसे करू नये. आपल्याकडे अनुभवी नजर आहे, शिवाय आजवर आपल्या हातून एकही भार पडलेला नाही. आणि हा पुरावा असा भक्कम आहे की पहिला भार पडेपर्यंत तो कोणालाही खोडता येत नाही.

सुरुवात स्लिंग, म्हणजे भार क्रेनच्या हुकाला टांगणारा तारांचा दोर, निवडण्यापासून करावी आणि ती शक्य तितकी आखूड निवडावी. लांब स्लिंगचे लेग, म्हणजे हुकापासून भारापर्यंत उतरणारे तिचे फाटे, उभे राहतात, हुक उंच न्यावा लागतो आणि रॅकमधून ती ओढून आणताना हात तेलकट होतात, ते वेगळेच. आखूड स्लिंग मात्र भारावर छान पसरून बसते. समजा, भार 10 टनांचा आहे आणि तो दोन लेगवर सारखा वाटला गेला आहे. लेग आडव्या रेषेशी 60 अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येकावर सुमारे 5.8 टनांचा ताण येतो. 45 अंशांवर तो 7.1 टन होतो आणि 30 अंशांवर बरोबर 10 टन, म्हणजे जणू दुसरा लेग लावलाच नव्हता. एवढ्यावर न थांबता कोन 15 अंशांवर आणला, तर प्रत्येक लेग 19 टनांहून अधिक ताण सोसू लागतो. 30 अंशांखाली जाऊ नये असे नियम सांगतात खरे, पण नियम लिहिणाऱ्याला आपल्या शेडचे छत किती बुटके आहे हे कुठे ठाऊक असते? शिवाय क्रेनचा वजनदर्शक या सगळ्या वेळात शांतपणे 10 टनच दाखवत राहतो, आणि यंत्रावर नाही तर विश्वास कोणावर ठेवायचा? हेच लेग भाराच्या दोन्ही टोकांना एकमेकांकडे ओढत असतात, त्यामुळे पातळ पत्र्याची पेटी मध्येच चेपली किंवा तिरक्या ओढीने आयबोल्ट, म्हणजे भाराला बसवलेला कडीचा बोल्ट, वाकला, तर तो माल मुळातच कच्चा होता असे समजावे.

दोन लेगवर मन धजत नसेल तर चार घ्यावेत. चार लेग म्हणजे भार चार ठिकाणी सारखा वाटला गेला, हे गणित इतके देखणे आहे की त्यात शंका काढणाऱ्याची कीव येते. ओबडधोबड फरशीवर चार पायांचे टेबल डुगडुगते तेव्हा त्याचा एक पाय हवेत असतो, हे आपण रोज पाहतो. पण तारदोराच्या लेगांना असली सवय नसावी. चारही लेग अगदी एकसारख्या लांबीचे कधीच नसतात आणि ताठ, न लवचणारा भार त्यांची सांगड घालून देत नाही, म्हणून बहुतांश वजन दोन किंवा तीनच लेग वाहतात, एखादा नुसता सोबतीला लोंबत राहतो. याच कारणाने युरोपीय मानकांत चार लेगच्या स्लिंगची क्षमता तीन लेगांइतकीच धरतात. आपण मात्र चौथ्याचा अपमान करू नये.

मास्टर लिंकला, म्हणजे सगळे लेग जिथे एकत्र येतात त्या वरच्या कडीला, लटकवलेला धातूचा टॅग ही स्लिंगमधली सर्वांत निरुपयोगी वस्तू. कोणत्या कोनाला किती भार उचलायचा हे त्यावर कोरलेले असते, म्हणजे तो वाचणाऱ्याच्या अनुभवावर उघड अविश्वासच दाखवतो. तो निखळून पडला तर स्लिंग वापरातून काढावी, असे म्हणतात. आपण आकडा आठवणीनेच सांगावा आणि वर त्याला पाचाने गुणावे, कारण स्लिंग सुरक्षेसाठी पाचपट मजबूत बनवतात, हे आपण कुठेतरी ऐकलेले आहे. ही पाचपट धक्के, झीज आणि वाकण्यासाठी राखून ठेवलेली असते, असला बारकावा काढत बसू नये. दोराच्याच जाडीच्या पिनवरून दोर वळवला की त्याची ताकद जवळपास निम्मी उरते. धारदार कोपऱ्यावरून नेला तर त्याहूनही कमी, म्हणून कोपऱ्याखाली संरक्षक गाद्या घालतात. आपण त्या गाद्यांवर दुपारी बसावे.

तपासणीचे नाटक टाळता येत नसेल, तर लांबूनच करावी. मी एका कारखान्यात एका म्हाताऱ्या रिगरला, म्हणजे भार बांधणाऱ्या कामगाराला, दोरावरून चिंधी फिरवताना पाहिले होते. हाताच्या एका अंतरावर चिंधी अडकली, त्याने ती सोडवली, तेवढ्या भागावरचे ग्रीस पुसले आणि नखाएवढ्या, बाहेर आलेल्या तारा एकेक करून मोजू लागला. दोराची एक लड, म्हणजे अनेक तारांचा एक पेड, पूर्ण वेढा घेते तेवढ्या लांबीत दहा तुटक्या तारा, किंवा त्यातल्या एकाच लडीत पाच, एवढी मर्यादा तो पुटपुटत होता. त्याची मोजणी अकरावर गेली. सुपरवायझरने घड्याळाकडे पाहिले आणि अत्यंत सौजन्याने विचारले, “दादा, बाकीच्या शेकडो तारा शाबूत आहेत, त्या का नाही मोजत?” या प्रश्नाला त्या म्हाताऱ्याजवळ उत्तर नव्हते, निदान त्याने ते दिले नाही.

बाद ठरलेली स्लिंग कापून नष्ट करावी, म्हणजे कोणी ती पुन्हा उचलणार नाही, अशी एक उधळी पद्धत आहे. आपण फक्त खराब तुकडा कापावा, उरलेल्या दोराचे टोक दुमडून यू-बोल्टच्या क्लिपांनी नवा डोळा, म्हणजे हुकात अडकवायचा फासा, तयार करावा आणि तो ‘हलक्या कामासाठी’ म्हणून रॅकवर परत टांगावा. क्लिपचे खोगीर, म्हणजे यू-बोल्टसमोरचा खाचेचा भाग, भार वाहणाऱ्या दोरावर आणि यू टोकाकडच्या मोकळ्या दोरावर यायला हवा, यावर लोक भांडतात. आपण एक क्लिप या बाजूने, दुसरी त्या बाजूने बसवावी, म्हणजे दोन्ही पक्षांचा मान राहतो. नंतर सगळ्यावर पिवळ्या रंगाचा जाड हात फिरवावा. रंग वाळला की चिंधी कुठेच अडकत नाही, आणि पुढच्या तपासनिसाचीही मोजण्याची मेहनत वाचते.