दोन पगार, एकच यूएएन

घरून दोन-दोन पूर्णवेळ नोकऱ्या करणाऱ्या आयटीवाल्यांचं धाडस तुमच्या लेखात छान रंगवलंय, पण हिशेबाची बाजू राहूनच गेली. मी नाशिकला कर सल्लागाराकडे काम करते. ही मंडळी जुलैत रिटर्न भरायला येतात तेव्हा चेहरे बघण्यासारखे असतात! दोन्ही कंपन्या आपापल्या परीने कराचे स्लॅब आणि स्टँडर्ड डिडक्शन (पगारावरची ठरावीक वजावट) धरून टीडीएस, म्हणजे पगारातूनच आधी घेतला जाणारा कर, कापतात. पगारांची बेरीज केली की कर कमी कापलेला निघतो. भरायचा राहिलेला कर १०,००० रुपयांच्या वर गेला की व्याजही. शिवाय यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) एकच, त्यामुळे दोन्हीकडे पीएफ असेल तर एकाच महिन्याचा दोन मालकांचा भरणा तिथे उघड दिसतो. विप्रोने २०२२ मध्ये ३०० जणांना काढलं, ते प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करत होते म्हणून.

बाकी यात नवं काय? कारखाने कायदा १९४८ चं कलम ६० दुहेरी नोकरी रोखण्यासाठीच होतं. तरी इथल्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत दिवसा कंपनीत आणि रात्री वॉचमन, अशी माणसं आहेतच. आयटीवाल्याला गृहकर्ज लवकर फेडायचंय, यांना मुलांची फी भरायचीय. दोघांना एकाच मापाने मोजणं मला तरी पटत नाही. पुढचा लेख कारखान्यातल्या या माणसांवर येऊ द्या.